सिटी ऑफ हीरोज होमकमिंग: आधी बिल्ड, मग मार्केट, मग खरेदी

सिटी ऑफ हीरोज हा ऑनलाइन सुपरहीरो गेम, होमकमिंग हा त्याचा फुकट सर्व्हर. पन्नास लेव्हल (सगळ्यात वरची) झाली, इन्फ (गेममधले पैसे) होतं तेवढं सगळं उडवलं, जांभळे सेट (सगळ्यात दुर्मीळ एन्हान्समेंटचे, म्हणजे पॉवर वाढवणाऱ्या तुकड्यांचे संच) पण घातले, तरी कॅरेक्टर टीममध्ये सगळ्यात आधी आडवं पडतंय. नव्या खेळाडूंकडून हे सारखं ऐकायला मिळतं आणि जवळपास दर वेळी कारण एकच असतं, कामांचा क्रम उलटा झालेला असतो. आधी मार्केटमधून चांगलं दिसेल ते उचललं, मग ते कुठे बसवायचं ते शोधलं, आणि शेवटी कळलं की डिफेन्स (शत्रूचे वार चुकवण्याची टक्केवारी) ३८ वर अडकलाय. खाली क्रमाने सगळं देतोय, क्रम बदलू नका. पॉवर आणि स्लॉट म्हणजे काय एवढं माहीत आहे असं धरून लिहितोय.

## ० : हात घालण्याआधीची तयारी

कॉम्प्युटरवर मिड्स रिबॉर्न (बिल्ड, म्हणजे पॉवर आणि एन्हान्समेंटची जुळणी, आखायचा प्रोग्राम) टाकून घ्या, त्याशिवाय बिल्डचं काम करूच नका. डोक्यात हिशोब राहत नाही, कारण ६७ जादा स्लॉट, २४ पॉवर आणि प्रत्येक सेटचे पाच-सहा बोनस असं सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. सोबत एक साधी शीट ठेवा, खरेदीच्या यादीसाठी ती लागणारच आहे.

मार्केटसाठी एक वेगळं कॅरेक्टर ठरवून टाका. मार्केटमधले स्लॉट आणि तिथे ठेवलेला माल कॅरेक्टरगणिक वेगळा असतो, पाच कॅरेक्टरांवर माल पसरला की काय कुठे आहे ते विसरता आणि बिडमध्ये (बोलीत) पैसे अडकून राहतात. मार्केट मात्र सगळ्या शार्डचं (सर्व्हरचं) मिळून एकच आहे, हीरो आणि व्हिलन दोघांचंही, त्यामुळे शार्ड निवडताना बाजारभावाचा विचार करायची गरज नाही. तुमचा पिंग आणि तुमचे मित्र कुठे खेळतात तेवढं बघा (भारतातून खेळत असाल तर युरोपातला रियुनियन एकदा वापरून बघा).

सावधान, आकडे: गेममध्ये कॉमा तीन-तीन अंकांनी पडतो. १,०००,००० म्हणजे आपले १० लाख आणि १०,०००,००० म्हणजे १ कोटी. लाख-कोटीची सवय असलेला डोळा इथे हमखास चुकतो, आणि पुढे बिडच्या टप्प्यात एक शून्य केवढ्याला पडतं ते बघालच.

सावधान, एक्सपी: स्टार्ट व्हेंडरकडचा दुप्पट एक्सपीचा बूस्ट चालू असेल तर शत्रू मारून इन्फ मिळतच नाही. पटकन पन्नास होतं खरं पण खिसा रिकामा राहतो. ज्या कॅरेक्टरने कमवायचंय त्याला तो लावू नका.

## १ : बिल्डचं काम एका ओळीत लिहा

"सोलो, अधिक तीन लेव्हलचे शत्रू, स्क्रॅपर" किंवा "टीममध्ये बफ देणारा डिफेंडर, लांबून मारतो" अशी एक ओळ (स्क्रॅपर, डिफेंडर हे आर्केटाइप, म्हणजे कॅरेक्टरचे प्रकार; अधिक तीन म्हणजे तुमच्यापेक्षा तीन लेव्हल वरचे). ही ओळ नसली की माणूस सगळंच मागतो, डिफेन्सही हवा, रेझिस्टन्सही (लागलेल्या वाराचं डॅमेज कमी करणारा) हवा, कायम चालणारा हेस्टनही (बाकीच्या पॉवर लवकर परत तयार करणारी पॉवर) हवा, आणि मग कुठलाच आकडा धड गाठत नाही.

पूर्ण लेखात मी सुपर रिफ्लेक्सेसचा (डिफेन्सवर चालणारा आर्मर सेट) स्क्रॅपर उदाहरण म्हणून घेतोय कारण त्यात आकडे स्वच्छ दिसतात.

## २ : मिड्समध्ये कच्चा आराखडा, सेटशिवाय

आधी फक्त पॉवर निवडा, सेटला हात लावू नका. मूळ आणि दुय्यम सेटमधल्या लागणाऱ्या पॉवर, मग पूल (सगळ्यांना खुले असलेले जादा पॉवरचे गट). पूल जास्तीत जास्त चार घेता येतात. वीवसाठी (डिफेन्स देणारी पूलमधली पॉवर) बॉक्सिंग किंवा किक, मग टफ, मग वीव अशा तीन निवडी जातात, त्या आधीच धरा, नाहीतर शेवटी जागा उरत नाही.

आता स्लॉट. प्रत्येक पॉवरला एक स्लॉट फुकट, वरून पाच घालता येतात, एकूण सहा. नेहमीची चूक म्हणजे सगळ्या हल्ल्यांना सहा-सहा देऊन टाकणं आणि मग टॉगल (सतत चालू ठेवायच्या पॉवर) उपाशी ठेवणं.

एकाच प्रकारच्या एन्हान्समेंटचा मारा करू नका. डॅमेजचे तीन एसओ (दुकानात मिळणाऱ्या साध्या एन्हान्समेंट) घातले की साधारण ९५ टक्के मिळतात, चौथा घातला तर वर जेमतेम ५ टक्के. डिफेन्स आणि रेझिस्टन्सला ही मर्यादा अजून लवकर येते, तीन घातल्यावर साधारण ५६ टक्क्यांच्या आसपास थांबायचं. इथे उरलेले स्लॉट दुसरीकडे कामाला येतात.

तपासा: मिड्समध्ये पॉवरच्या शेजारचा हिरवा ठिपका चालू असेल तर ती पॉवर बेरजेत धरली जाते. इल्यूड, बिल्ड अप असल्या थोड्या वेळापुरत्या पॉवर बंद करून मगच आकडे वाचा. सॉफ्टकॅप (डिफेन्सची उपयोगी कमाल, हिशोब पुढे येतोय) झालाय म्हणून खुश झालेले कितीतरी बिल्ड उघडले की इल्यूडचा ठिपका चालू सापडतो.

## ३ : जगण्याचे आकडे आधी, तेही स्वस्तात

बहुतेक बिल्ड इथेच बिघडतात म्हणून जरा सविस्तर.

बरोबरीच्या लेव्हलच्या शत्रूचा वार तुम्हाला लागण्याची मूळ शक्यता ५० टक्के असते आणि ती ५ टक्क्यांच्या खाली जात नाही. म्हणून डिफेन्सचा सॉफ्टकॅप ४५. इन्कार्नेट कंटेंटमध्ये (पन्नासनंतरच्या अवघड मिशनांमध्ये) शत्रूची शक्यताच जास्त, तिथे ५९ लागतात. आता नीट बघा, ३५ डिफेन्सवर शंभरातले १५ वार लागतात, ४० वर १०, ४५ वर ५. म्हणजे शेवटच्या पाच टक्क्यांनी तुमच्यावर पडणारा मार निम्मा होतो! जे लोक ४० वर "झालं की जवळपास" म्हणून थांबतात त्यांनी सगळा खर्च करून सगळ्यात मोठा फायदा सोडून दिलेला असतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे दोन प्रकारच्या डिफेन्सची सरमिसळ. एक डिफेन्स दिशेप्रमाणे चालतो, मेली, रेंज्ड, एरिया. दुसरा प्रकाराप्रमाणे, स्मॅशिंग, लीथल, एनर्जी वगैरे. वार आला की गेम त्या वाराला लागू असणारा तुमचा सगळ्यात मोठा आकडा घेतो, दोन्हींची बेरीज करत नाही. त्यामुळे अर्धे बोनस मेलीचे आणि अर्धे स्मॅशिंगचे गोळा केले तर दोन्हीकडे २५-३० राहतात आणि काहीच उपयोग होत नाही. तुमचा आर्मर सेट ज्या बाजूचा आहे त्याच बाजूचे बोनस घ्या.

आता उदाहरण. स्क्रॅपरच्या सुपर रिफ्लेक्सेसमधल्या तीन टॉगल आणि तीन पॅसिव्ह (आपोआप चालू राहणाऱ्या) साध्या आयओंनी (रेसिपीवरून बनवलेल्या एन्हान्समेंट) नीट भरले तर तिन्ही दिशांना साधारण ३० टक्के होतात. वीव नीट स्लॉट करून वर पावणेसहाच्या आसपास. कॉम्बॅट जंपिंग आणि मनुव्हर्स मिळून अजून पाच. मग दोन युनिक आयओ, स्टेडफास्ट प्रोटेक्शनचा ३ टक्के डिफेन्सवाला आणि ग्लॅडिएटर्स आर्मरचा ३ टक्केवाला. दोन्ही रेझिस्टन्सच्या पॉवरमध्ये बसतात, म्हणजे टफमध्ये, जी तुम्ही वीवसाठी घेतलेलीच आहे. बेरीज करा, ४५ च्या पुढे गेलात आणि अजून एकही जांभळा सेट घेतलेला नाही.

इतर आर्मर सेटवाल्यांनी एक लक्षात ठेवा, सुपर रिफ्लेक्सेसला डिफेन्स पाडणाऱ्या वारांविरुद्ध अंगचंच भक्कम संरक्षण असतं, तुमच्यात ते नसेल तर एक वार लागला की डिफेन्स कमी होतो, मग दुसरा लागतो, मग तिसरा, आणि ४५ चे १५ व्हायला वेळ लागत नाही. त्यांनी डिफेन्ससोबत रेझिस्टन्स किंवा हील धरायलाच हवं. रेझिस्टन्सची कमाल मर्यादा टँकर आणि ब्रूटला ९० टक्के, स्क्रॅपर, ब्लास्टर, डिफेंडर वगैरेंना ७५. त्याच्या वर घातलेलं सगळं वाया.

हेल्थ आणि स्टॅमिना या फुकटात मिळणाऱ्या पॉवर रिकाम्या सोडू नका. हेल्थमध्ये न्यूमिना आणि मिरॅकलचे युनिक, स्टॅमिनात परफॉर्मन्स शिफ्टरचा एंड्युरन्स (पॉवर चालवायची ऊर्जा) देणारा प्रॉक (अधूनमधून आपोआप लागणारा परिणाम). एवढ्यावर एंड्युरन्सच्या बऱ्याचशा तक्रारी मिटतात.

तपासा: अधिक तीन लेव्हलच्या शत्रूवर तुमचा मूळ टू-हिट (वार लागण्याची शक्यता) ७५ वरून ४८ वर येतो. हल्ल्यांची लागण्याची शक्यता त्या लेव्हलला ९५ दाखवतेय का ते बघा. कमी पडत असेल तर डिफेन्स टॉगलमध्ये किस्मेटचा युनिक घाला, ६ टक्के टू-हिट मिळतो, जागा फक्त एक जाते.

## ४ : आता सेट बोनस

जगण्याचं झालं की वेग. लक ऑफ द गॅम्बलरचा ७.५ टक्के रिचार्जवाला आयओ डिफेन्सच्या पाच पॉवरमध्ये एकेक बसवला की ३७.५ टक्के. सहावा घेऊ नका, तोच बोनस पाचच वेळा मोजला जातो. हाच पाचाचा नियम सगळ्या सेट बोनसना लागू आहे, एकाच आकाराचा तोच बोनस सहाव्यांदा आला की शून्य. मिड्स हे दाखवतं, तरी लोक बघत नाहीत.

हेस्टन कायम चालू ठेवायचा हट्ट सगळ्यांनी धरायची गरज नाही. हेस्टनचा मूळ रिचार्ज ४५० सेकंद आणि तो टिकतो १२०, म्हणजे एकूण २७५ टक्के रिचार्ज लागतो, त्यातले ७० हेस्टन स्वतः देतो, ९५ च्या आसपास त्याच्या स्लॉटमधून, ३७.५ गॅम्बलरचे, राहिलेले ७० च्या वर सेटमधून काढायचे. कंट्रोलर-डॉमिनेटरला हे फळतं. साध्या स्क्रॅपरला हल्ल्यांची साखळी रिकामी न जाता फिरली की पुरे, तिथे क्रशिंग इम्पॅक्टसारखा स्वस्त सेटही पाच तुकड्यांना ५ टक्के रिचार्ज देतो, आधी तो वापरा.

प्रॉक घालणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, त्याच पॉवरमध्ये रिचार्जची एन्हान्समेंट घातली की प्रॉक लागण्याची शक्यता घटते. गॅम्बलर किंवा सेटमधून आलेला रिचार्ज ती घटवत नाही. प्रॉकच्या पॉवरमध्ये ॲक्युरसी आणि डॅमेज ठेवा, रिचार्ज बाहेरून आणा.

लेव्हल खाली आणून जुनी टास्क फोर्स (टीमने खेळायची मोठी मिशनमालिका) खेळत असाल तर ॲट्यून्ड (तुमच्या लेव्हलप्रमाणे बदलणारे) आयओ घ्या. साधा पन्नास लेव्हलचा आयओ ४७ च्या खाली गेलात की सेट बोनस सोडून देतो. उलट ॲट्यून्डला बूस्टर (आयओची ताकद वाढवणारी वस्तू) लावता येत नाही, म्हणून फक्त पन्नासवरच खेळणारे साधा पन्नासचा घेऊन बूस्टर लावतात. तुम्ही कुठे जास्त खेळता ते बघून ठरवा.

## ५ : पैसे घालण्याआधी ब्रेनस्टॉर्मवर चालवून बघा

होमकमिंगचा टेस्ट सर्व्हर आहे ब्रेनस्टॉर्म. तिथे फ्रीबीज मेनूमधून लेव्हल, इन्फ आणि एन्हान्समेंट फुकट मिळतात. बिल्ड तिथे उभा करा आणि ज्या शत्रूंसाठी पहिल्या टप्प्यात ओळ लिहिलीत त्यांच्याशीच लढा. एंड्युरन्स दहा मिनिटं सलग टिकतंय का, साखळीत भोक पडतंय का, हे कागदावर कळत नाही. हा टप्पा लोक कंटाळा म्हणून सोडतात आणि मग खऱ्या कॅरेक्टरवर दोनदा पैसे भरतात.

## ६ : खरेदीची यादी, तीन रांगांत

पहिल्या रांगेत युनिक आणि सॉफ्टकॅपला लागणारं. दुसऱ्या रांगेत गॅम्बलर आणि स्वस्त सेट. तिसऱ्यात जांभळे, आर्केटाइपचे आणि विंटर सेट. प्रत्येकासमोर मार्केटमधल्या शेवटच्या पाच विक्रींचा भाव लिहून ठेवा. पहिली रांग पूर्ण होईपर्यंत तिसरीतलं काहीही घ्यायचं नाही, मोह कितीही होवो. रिकाम्या जागा पंचवीस-तीस लेव्हलच्या साध्या आयओंनी भरून ठेवा, ते कालबाह्य होत नाहीत आणि पंचवीसचा आयओ जवळपास एसओएवढंच काम करतो.

## ७ : भांडवल उभं करणं

चॅटमध्ये स्लॅश देऊन एएच टाइप केलं की मार्केट उघडतं.

खेळताना मिळालेलं सॅल्वेज (आयओ बनवायचा कच्चा माल) टाकून देऊ नका. होमकमिंगमध्ये एका दर्जाचं सगळं सॅल्वेज एकाच ढिगात धरलं जातं आणि गेमनेच वरचा भाव बांधून दिलाय, कॉमन १०,०००, अनकॉमन १ लाख, रेअर १० लाख. त्याच्या वर कोणी देणार नाही, त्यामुळे रेअर सॅल्वेज २० लाखांना लावून बसू नका. पन्नास लेव्हलच्या कॉमन आयओंच्या रेसिपी थेट दुकानदाराला विका.

खरी कमाई रिवॉर्ड मेरिटमध्ये आहे. टास्क फोर्स आणि स्टोरी आर्कमधून मेरिट मिळतात, एका मेरिटचे तीन एन्हान्समेंट कन्व्हर्टर (एक आयओ दुसऱ्यात बदलणारे) होतात आणि कन्व्हर्टरना गिऱ्हाईक कायम असतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी हेच करावं, यात तोटा व्हायची शक्यता फार कमी आहे.

खरे पैसे देऊन इन्फ घेऊ नका. गेम फुकट आहे, असा व्यवहार नियमात बसत नाही, आणि कोणी चॅटवर यूपीआय नंबर देऊन इन्फ देतो म्हणाला तर सरळ रिपोर्ट करा.

## ८ : बिड लावणं

मार्केट आंधळं आहे. किती माल आहे, किती बिड आहेत आणि शेवटच्या पाच विक्री कितीला झाल्या एवढंच दिसतं, कोणी कितीला लावलंय ते दिसत नाही. सगळ्यात मोठ्या बिडवाल्याला सगळ्यात स्वस्त लावलेला माल जातो, पण विकणाऱ्याला तुम्ही लिहिलेली पूर्ण रक्कम मिळते. माल २० लाखांना लावलेला असेल आणि तुम्ही चुकून २ कोटी लिहिलंत तर २ कोटीच जातात, परत मिळत नाहीत. म्हणून रक्कम टाइप केल्यावर उजवीकडून तीन-तीन अंक मोजा आणि मगच बटण दाबा.

खालून वर जा. शेवटच्या पाच विक्रींतल्या सगळ्यात कमी भावाच्याही थोडं खाली बिड लावून झोपा, सकाळी बघा. घाई असेल तर थोडं थोडं वाढवत जा. पाच विक्रींत एकच आकडा फार मोठा असेल तर तो भाव धरू नका, ती कोणाची तरी घाई किंवा चूक असते, तारखाही बघा.

एकाच आयओच्या सगळ्या लेव्हल आणि ॲट्यून्ड हे मार्केटमध्ये एकाच साठ्यातले असतात. कोणी तिसाव्या लेव्हलचा विकायला टाकला तरी तुम्ही तोच ॲट्यून्ड म्हणून घेऊ शकता. त्यामुळे ॲट्यून्ड हवा असेल तर सुरुवातीपासून ॲट्यून्डवरच बिड लावा, नंतर कॅटलिस्ट (साधा आयओ ॲट्यून्ड करणारी वस्तू) खर्च करायची गरज नाही.

## ९ : क्राफ्ट आणि कन्व्हर्ट

पद्धत सोपी आहे. कोणाला नको असलेली स्वस्त रेसिपी घ्यायची, सॅल्वेज बिडवर घ्यायचं, युनिव्हर्सिटीत किंवा सुपरग्रुपच्या बेसमधल्या टेबलावर बनवायचं आणि कन्व्हर्टरने मागणी असलेल्या आयओत बदलायचं. बदलण्याचे तीन मार्ग, दर्जाप्रमाणे, प्रकाराप्रमाणे आणि त्याच सेटमध्ये. पहिला सगळ्यात स्वस्त, शेवटचा सगळ्यात महाग, किती कन्व्हर्टर लागणार ते तिथेच दिसतं.

यातली खरी खुबी लेव्हलमध्ये आहे. बदलताना आयओची लेव्हल तीच राहते, म्हणून त्या लेव्हलला जे सेट अस्तित्वातच नाहीत ते येऊ शकत नाहीत. डिफेन्सचे बरेच सेट तीस किंवा चाळीसला संपतात, सेरेंडिपिटी चाळीसलाच. मग ४१ च्या वरचा रेड फॉर्च्यून प्रकाराप्रमाणे बदलला की तो लक ऑफ द गॅम्बलर किंवा रिॲक्टिव्ह डिफेन्सेस यांच्याकडेच जातो, आणि या दोन्हींना चांगली मागणी असते. तीसच्या लेव्हलला हाच प्रयोग केलात तर नको ते सेट मध्ये येतात आणि कन्व्हर्टर जळत राहतात.

थांबायचं कधी: सुरू करण्याआधी ठरवा की एका आयओवर किती कन्व्हर्टर घालणार. रेसिपी, सॅल्वेज, बनवायची फी आणि कन्व्हर्टरचा बाजारभाव अशी सगळी बेरीज धरा. कन्व्हर्टर मेरिटमधून आले म्हणजे फुकट आले असं धरणारे तोट्यात जातात आणि त्यांना ते कळतही नाही, कारण तोच कन्व्हर्टर विकला असता तर इन्फ मिळालं असतं.

## १० : विकायला लावणं

फीचा हिशोब पक्का करा. माल लावतानाच मागितलेल्या भावाच्या ५ टक्के जातात, विकल्यावर एकूण कपात विक्रीच्या १० टक्के होते, त्यात आधीचे ५ धरलेले असतात. ३० लाखांना लावलात तर लगेच दीड लाख गेले, ३० लाखांनाच विकला गेला तर हातात २७ लाख. पण मधेच माल काढून घेतलात तर ते दीड लाख परत मिळत नाहीत, म्हणून भाव दर दोन तासांनी बदलत बसणं हा सगळ्यात मूर्ख खर्च आहे.

भाव गोल आकड्याला न लावता जरा खाली लावा. सगळ्यात स्वस्त लावलेला माल आधी जातो आणि पैसे तर गिऱ्हाइकाच्या बिडप्रमाणेच मिळतात. मात्र अगदी १ इन्फला लावायची सवय लावून घेऊ नका, तिथे कोणीतरी पडेल भावाची बिड लावून बसलेलं असतंच. तुमचा खर्च अधिक फी याच्या खाली कधीच लावायचं नाही.

## ११ : खरेदी आणि बसवणं

यादी काढा, पहिल्या रांगेपासून सुरू करा. युनिक आयओ बिल्डमध्ये एकच चालतो, चुकून दोन घेऊ नका. पॉवरच बदलायच्या असतील तर रिस्पेक (पॉवर आणि स्लॉट नव्याने निवडणं) करा, पण आधी ट्रे रिकामा करून घ्या, कारण रिस्पेकमध्ये वापरल्या न गेलेल्या एन्हान्समेंट ट्रेमध्ये मावतील तेवढ्याच राहतात, बाकीच्या विकल्या जातात आणि कवडीमोलाने जातात. एक-दोनच काढायच्या असतील तर अनस्लॉटर वापरा.

आर्केटाइपच्या सेटला कॅटलिस्ट लावून सुपीरियर करताना सगळे तुकडे एकाच बैठकीत करा. सुपीरियर आणि साधा हे गेमच्या दृष्टीने दोन वेगळे सेट आहेत, तीन इकडे आणि तीन तिकडे राहिले की सहा तुकड्यांचा बोनस जातो. सहा कॅटलिस्ट हातात येईपर्यंत साधा सेट तसाच चालू द्या.

बसवून झालं की गेममधल्या कॉम्बॅट ॲट्रिब्यूट्समध्ये डिफेन्सचे तिन्ही आकडे उघडून मिड्सशी ताडून बघा. फरक दिसला तर आधी टॉगल सगळे चालू आहेत का ते बघा, मग एखादा तुकडा चुकीच्या सेटचा तर नाही ना ते.